वापरकर्त्याची चूक

मला पुन्हा कोड लिहायचं काम मिळालं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते, आणि माझ्या आधी ते काम करणारा माणूस एका दुपारी जेवायला म्हणून उठला तो परत आलाच नव्हता. त्याचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. नोकरी सोडली, एवढंच कंपनीचे सर म्हणाले. पण मला त्याच्या फायली मिळाल्या त्यात एक ओळ अर्धी लिहून सोडलेली होती. मी ती बराच वेळ बघत बसले. चांगल्या कामाची सुरुवात अशी होऊ नये, असं उगाच वाटून गेलं.

आमचं घर जव्हारचं. बाजारपेठेत अब्बांचं शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या. मी नाशिकला कॉम्प्युटर शिकले आणि तिथेच दोन वर्षं प्रोग्रॅमर होते. मग अम्मीला अर्धांगवायूचा झटका आला, मी घरी परतले. अम्मीला उचलणं, भरवणं, औषधं, यातून जमेल असं काम हवं होतं. नाशिकच्याच एका छोट्या कंपनीची सॉफ्टवेअर जव्हार-मोखाड्यात वापरली जात होती. ती वापरणाऱ्यांच्या अडचणी सोडवायला त्यांना इथलं कुणीतरी पाहिजे होतं. वर्षभरासाठी म्हणून धरलेलं ते काम मी बारा वर्षं केलं.

काम म्हणजे फोन घेणं. कुणी पासवर्ड विसरला, कुणाची स्क्रीन अडकली, कुणाची माहिती पुढे जात नाही. फोनवर नाही जमलं तर एसटीनं मोखाडा, खोडाळा, जामसर, जिथे असेल तिथे जायचं. प्रत्येक तक्रारीला एक नंबर असायचा आणि संध्याकाळपर्यंत ती बंद करायची असा नियम होता. बंद करताना कारण निवडावं लागे. नेटवर्क नाही. फोन जुना. आणि तिसरं, वापरकर्त्याची चूक. काहीच सापडलं नाही की मी हे तिसरं निवडायची. त्याला कुणी उलट प्रश्न विचारत नसे.

कंपनीचं एक सॉफ्टवेअर एका संस्थेच्या आरोग्यसेविका वापरायच्या. पाड्यापाड्यात फिरून गरोदर बायकांची नावं त्या फोनमध्ये टाकायच्या, मग फोन त्यांना सांगायचा की आज कुणाच्या घरी जायचं, कुणाचं वजन घ्यायचं, कुणाला दवाखान्यात न्यायचं. या सेविकांना सगळे सिस्टर म्हणत. खोडाळ्याच्या बाजूला एक सिस्टर होती, पन्नाशीची, तिथल्याच एका पाड्यातली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. फोनवर मात्र ती वारंवार यायची, आणि प्रत्येक वेळी तिचं एकच म्हणणं असायचं.

"नाव टाकते तवा दिसतं, मॅडम. सांजला रेंज आली का नाव जातं."

"कुठे जातं?"

"ते तुम्ही सांगायचं ना. मला काय ठाऊक."

मी माझ्या कॉम्प्युटरवर बघायची. नाव नसायचं. म्हणजे तिनं टाकलंच नसणार. सेव्हचं बटन दाबलं का, असं मी विचारायची. दाबलं, ती म्हणायची. मी पुन्हा विचारायची, वेगळ्या शब्दांत, लहान मुलाला विचारावं तसं. एकदा ती म्हणाली, "मी आंधळी नाय, मॅडम." त्यावर मी काहीतरी गोड बोलले आणि तक्रार बंद केली.

तिच्याकडे एक वही होती. फोनमधलं नाव गेलं तरी ती वहीत बघून त्या घरी जायची. हे मला कळलं तेव्हा मीच तिला सांगितलं, "सिस्टर, वही बंद करा. दोन ठिकाणी लिहिलं की गोंधळ होतो. जे फोनमध्ये आहे तेच खरं." मी स्वतःच्या मनानं नव्हते बोलत, वरून तशा सूचनाच होत्या. पण तिला सांगितलं ते मी. संक्रांतीच्या सुमारास तिचा शेवटचा फोन आला, पुन्हा तेच. मी तीही तक्रार बंद केली. होळीनंतर कळलं की तिनं काम सोडलं आणि तिच्या जागी डहाणूकडची एक तरुण मुलगी आली. नवीन सिस्टरची एकही तक्रार नसायची. मला बरं वाटलं.

अम्मी त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. ती गेल्यावर दुपारी घरात एक पोकळी असायची, त्या वेळात मी पुन्हा प्रोग्रॅमिंग शिकायला बसले. सगळं बदललं होतं. मी शिकलेली भाषा आता कुणी वापरत नव्हतं, आणि नवीन शिकताना सकाळी समजलेलं संध्याकाळी पुसलं जायचं. खाली अब्बांच्या मशीनचा आवाज थांबला की मी समजायची, ते जिन्यात उभे राहून ऐकताहेत. त्यांनी कधी काही विचारलं नाही. एकदाच म्हणाले, "बेटा, डोळे सांभाळ."

दीडेक वर्षांनी मी सरांना सांगितलं की मला कोडचं काम द्या. त्यांनी मुलाखत द्यायला लावली. व्हिडिओवर एक पंचविशीतला मुलगा होता. त्यानं विचारलं, "गेल्या बारा वर्षांत तुम्ही किती कोड लिहिला?"

"एकही ओळ नाही."

तो खाली बघून हसला. तो माणूस जेवायला उठून गेला नसता तर मला ही जागा मिळाली नसती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्यांना घाईनं कुणीतरी पाहिजे होतं. पाडवा झाल्यावर मी रुजू झाले, घरूनच, जव्हारहून. मला पहिलं काम दिलं ते आरोग्यसेविकांच्या सॉफ्टवेअरचं, कारण ते मला बाहेरून पाठ होतं.

बाहेरून पाठ असणं आणि आतून दिसणं यात किती फरक असतो ते पहिल्या महिन्यात कळलं. एका ओळीला हात लावला की भलतीकडेच काहीतरी बंद पडायचं. काही ठिकाणी त्या गेलेल्या माणसानं स्वतःसाठी टिपा लिहिल्या होत्या. एके ठिकाणी लिहिलं होतं, "हे असं का चालतं माहीत नाही. हात लावू नये." मी ती टीप वाचून पुढे गेले. पण मग रोज काम संपवताना मन तिकडेच जायला लागलं. पाचव्या आठवड्यात, मेच्या एका दुपारी, मी तो भाग उघडून ओळीओळीनं वाचला.

तो भाग एवढंच करत होता. दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी घरं वीटभट्टीवर, ठाण्याकडे, भिवंडीकडे कामाला जातात. घर गेलं की सिस्टरनं तशी खूण करायची. काही महिन्यांत ते घर परत आल्याची नोंद झाली नाही की सॉफ्टवेअर त्या बाईचं खातं कायमचं बंद करायचं. पुढे ती बाई परत आली, पुन्हा गरोदर राहिली, सिस्टरनं तिचं नाव नव्यानं टाकलं. फोनमध्ये ते दिसायचं. संध्याकाळी रेंज आली की फोनमधली माहिती नाशिकच्या सर्व्हरवर जायची. सर्व्हर बघायचा, हे नाव, हे गाव, आपल्याकडे आधीच आहे. मग तो नवीन नोंद जुन्या खात्यात टाकायचा. जुनं खातं बंद. आणि बंद खात्यातलं काहीही कुणाला दिसत नसे. ना सिस्टरला, ना संस्थेला, ना मला.

मी खुर्ची मागे सरकवून उठले आणि परत बसले. बाहेर ऊन रणरणत होतं.

आता मला सर्व्हरमध्ये बघायची परवानगी होती. मी ती बंद खाती उघडली. यादी खाली सरकवत राहिले तरी संपेना. खोडाळ्याकडची, साखरशेतकडची, मी पाहिलेल्या गावांची नावं. प्रत्येकीपुढे बाळंतपणाची अंदाजे तारीख. बऱ्याच तारखा उलटून गेल्या होत्या. त्या बायकांचं पुढे काय झालं ते यादीत नव्हतं. एकीची तारीख अजून दहा दिवस पुढे होती, आणि तिच्या जुन्या खात्यात एक शेरा होता, मागच्या बाळंतपणात झटके आले होते.

मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते ऐकत होते.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"दोन तास. पण सर, त्या बायका..."

"आधी दुरुस्ती, मग चाचणी. सोमवारी नवीन आवृत्ती टाकू. त्यानंतर संस्थेशी मी बोलतो. तोवर हे आपल्यातच राहू दे."

"एकीचे दिवस भरत आलेत."

"तुला या कामात पाच आठवडे झाले," ते शांतपणे म्हणाले. "आपण नीट वाचलंय याची तुला खात्री आहे?"

खात्री नव्हती. बारा वर्षं जिनं एक ओळ लिहिली नाही, तिला कसली खात्री असणार. मी ते पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं. मग नवीन सिस्टरला फोन केला. ती लग्नासाठी गावी गेली होती. मी त्या बाईचं नाव विचारलं तर म्हणाली, "अशी कोणी माझ्या यादीत नाही, मॅडम." तिचं बरोबर होतं. तिला सांगितलंच होतं की जे फोनमध्ये आहे तेच खरं.

जुन्या सिस्टरचा फोन बंद लागत होता. मी यादी कागदावर उतरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले. अब्बांना म्हटलं, खोडाळ्याला काम आहे. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पाण्याची बाटली भरून दिली.

मोखाड्याच्या पुढे दोन्ही बाजूंना शेतांत राब भाजत होते. पेरणीआधी पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जमीन भाजतात, तो धूर दरवर्षीचाच. पण त्या दिवशी वारा नव्हता. धूर उतारावर तसाच बसून राहिला होता आणि बसच्या खिडकीतून पुढचं वळण दिसत नव्हतं. चालक हॉर्न वाजवत हळूहळू जात होता. माझ्या पर्समध्ये तो कागद होता आणि तो आहे ना हे मी पुन्हा पुन्हा बघत होते.

खोडाळ्याच्या बाजारात विचारलं तर जुन्या सिस्टरचा पाडा लगेच कळला. ती शेतावरच होती, डोक्याला फडकं बांधून, हातात लांब काठी. मी नाव सांगितलं नाही, नुसतं बोलले, आणि तिनं आवाज ओळखला.

"तुम्हीच का त्या फोनवरल्या?"

"हो."

"मला वाटलं तुम्ही मोठ्या असाल."

मी तिथेच बांधावर उभी राहून सगळं सांगितलं. नावं तुम्ही टाकत होता, ती जात होती, चूक आमची होती. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. काठी खाली ठेवून तिनं कागद मागितला. तिनं तो लांब धरून वाचायला सुरुवात केली, एकेका नावावर बोट ठेवत. ही बाळंत झाली, पोरगा आहे. ही भट्टीवरच बाळंत झाली. हिचं ठाऊक नाय. मग बोट एका नावावर थांबलं आणि थांबूनच राहिलं.

"ही गेली."

"कुठे?" मी विचारलं. हे विचारल्याचं मला आजही आठवतं.

"गेली म्हंजे गेली. होळीच्या आधी. पोर पण." कागद खाली न करता ती म्हणाली, "तुम्हाला फोन केलता ना शेवटचा. हिचंच नाव सांगितलं होतं. वही तर तुम्ही बंद केलीत. चार पाडे, किती ध्यानात ठेवायचं मी."

मला ते नाव आठवलं नाही. नंतर घरी येऊन मी ती तक्रार उघडली. नाव होतं. मीच टाइप केलेलं, अचूक, आणि खाली कारण. पण तेव्हा त्या बांधावर मला काहीच आठवेना, आणि ते तिच्या लक्षात आलं असावं. तिनं माझ्याकडे बघणं सोडलं.

"आणि ही?" मी शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "हिला मागच्या वेळी झटके आले होते."

"ही आली परत?" सिस्टरचा आवाज बदलला. "दिवाळीआधी मीच नाव टाकलं होतं हिचं, मग गेली. मला वाटलं भट्टीवरच आहे. चला."

तो पाडा टेकडीपलीकडे होता. तासभर चाललो. ती पुढे, मी मागे. पाड्यात माणसं कमी होती, एक कुत्रं आमच्याकडे बघून उठलंसुद्धा नाही. त्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी होती आणि दारात भिंतीला टेकून ती बाई बसली होती, डोळ्यांवर पदर ओढून. उजेड सोसत नव्हता तिला. सिस्टर तिच्यापुढे बसली आणि पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"डोकं दुखतं?"

"परवापासून."

"दिसतं कसं?"

"काजवे दिसतात."

म्हातारी तिची सासू होती. ती म्हणाली, "गरमीनं होतं. नवरा भट्टीवर आहे, तो येऊ दे, मग नेऊ."

"कधी येणार तो?"

"चार दिसांनी."

"मागल्या टायमाला काय झालं ते तू बघितलंस ना, आये?" सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "मग चार दिस कशाला बसतेस?"

म्हातारी आत गेली आणि एका कापडात दोन लुगडी बांधून घेऊन आली.

खाली रस्त्यापर्यंत आम्ही तिला दोघींच्या मधे धरून आणलं. दर थोड्या वेळानं ती थांबायची आणि आपण कुठे आहोत असं इकडेतिकडे बघायची. खोडाळ्याहून मोखाड्याला जाणारी एक जीप मिळाली. आधीच भरलेली होती, पण सिस्टरनं आत बघितलं आणि माणसं न बोलता उतरली. पहिल्या काही वळणांपर्यंत ठीक होतं. मग धुरात शिरलो तेव्हा माझ्या खांद्यावरचं तिचं डोकं ताठ झालं. झटका किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. सिस्टरनं तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, आणि मला म्हणाली, "धरू नका गच्च. नुसतं पडू देऊ नका." म्हातारी काहीतरी पुटपुटत होती, देवाचं असेल. चालकानं एकदाही मागे बघितलं नाही.

मोखाड्याच्या दवाखान्यात सुई दिली आणि तिथल्या गाडीनं जव्हारला पाठवलं. दिवेलागणीच्या सुमारास ऑपरेशन करून मुलगी झाली. इतकी लहान की नर्सनं टॉवेलात आणली तेव्हा टॉवेल रिकामाच वाटला. दोघी जगल्या. मी हे आधीच सांगायला हवं होतं बहुतेक, पण त्या दिवशी आम्हाला कुणाला ते आधी ठाऊक नव्हतं.

दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी संस्थेच्या मुख्य बाईंना फोन केला आणि यादी वाचून दाखवली. एकेक नाव, एकेक पाडा. त्या लिहून घेत होत्या. मधेच म्हणाल्या, "थांबा जरा." मग पान उलटल्याचा आवाज आला. "हं, सांगा पुढे."

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. त्यांनी आवाज चढवला नाही. "संस्थेशी बोलायचं काम तुझं होतं का?" मी म्हटलं, नव्हतं. "मग?" मला वाटलं, गेलं काम. पण दुरुस्ती दुसरं कोण करणार होतं. ती मी त्याच दिवशी केली. सहा ओळी होत्या. गुरुवारी ती सर्व्हरवर चढवली आणि बंद खाती उघडली. संस्थेनं छापील यादी घेऊन माणसं पाड्यांवर पाठवली. बऱ्याच बायका सापडल्या. ज्या सापडल्या नाहीत त्यांच्याबद्दल मला कुणी काही कळवलं नाही. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, नंतर मीही विचारेनाशी झाले.

जुन्या सिस्टरला संस्थेनं परत बोलावलं. तिनं नाही म्हणून सांगितलं. मी तिला भेटायला गेले तेव्हा तिनं चहा केला, नागलीची भाकरी वाढली. गेलेल्या बाईचं घर कुठे आहे, असं मी विचारलं.

"कशाला?"

"जाऊन यावं म्हणते."

"जाऊन काय सांगणार? बटनाचं?" तिनं चुलीत लाकूड सारलं. "नका जाऊ. त्यांनी कुणाला दोष दिला नाय. ते शिकवू नका त्यांना."

मी गेले नाही. त्यात तिचं म्हणणं किती आणि माझी भीती किती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

काम मी करते. हात बसलाय आता. सर मला मोठे भाग देतात, मुलाखत घेणारा तो मुलगा अडला की मला विचारतो. पण कोड लिहून झाला की मी लगेच पुढे पाठवू शकत नाही. स्क्रीनवर सगळं बरोबर चालत असतं आणि मी बघत बसते की यातून कोण गळलंय. तसं बघून ते दिसत नाही, हे मला माहीत आहे.

दिवाळीनंतर एकदा जुन्या फायली चाळताना मला कळलं की तेच सॉफ्टवेअर, त्याच ओळींसकट, कंपनीनं आधी आणखी काही ठिकाणी दिलं होतं. इथलं दुरुस्त झालं. तिथलं कुणी केलं होतं? सरांना विचारलं. बघावं लागेल, ते म्हणाले. मी दर सोमवारी विचारत राहिले आणि शेवटी त्यांनी ठिकाणं दिली. एक सोडून सगळ्यांना दुरुस्ती गेली. ते एक ठिकाण विदर्भातलं आहे, डोंगराळ तालुका, आमच्यासारखाच. तिथली संस्था बंद पडली म्हणतात, पण त्यांचे फोन अजून चालू आहेत. संस्थेच्या मंजुरीशिवाय त्यांच्या खात्यांना हात लावता येत नाही, असं सर म्हणतात, आणि मंजुरी द्यायला तिथे कुणी नाही. रोज संध्याकाळी तिथून आमच्या सर्व्हरवर नावं येतात आणि बंद खात्यांत जाऊन पडतात. मला ती आता दिसतात. तिथल्या सिस्टर कोण, कुठल्या, त्यांना कसं गाठायचं, याची नोंद कुठेच नाही. जो एक नंबर सापडलाय तो मी रोज अकरा वाजता लावते. रिंग जाते. पूर्ण वाजून बंद होते.